शिरगणतीच्या रात्री घरात सहा जण

हडर्सफील्ड,
११ फेब्रुवारी २०१९

आदरणीय मिस लावेल,

तुम्ही मला ओळखत नाही. तुमचा पत्ता मला इनिशगार्वला टपाल नेणाऱ्या बोटवाल्याकडून मिळाला. तो म्हणाला, बेटावरची जुनी माहिती हवी असेल तर सबायना मास्तरणींना विचारा, मात्र पत्रात शुद्धलेखन सांभाळा. म्हणून हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय.

माझं नाव मायल्स हेनी. वय अठ्ठ्याहत्तर. चौतीस वर्षं बस चालवली, आता घरी बसून खोकतो. माझी आजी डिलिया हेनी तुमच्या बेटावर काही काळ होती, एवढंच आम्हाला माहीत आहे. १९११ च्या उन्हाळ्यात ती एकटीच इथे आली आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला माझे वडील कोलमन जन्मले. त्यांच्या जन्मदाखल्यावर बापाच्या रकान्यात नुसती एक आडवी रेघ आहे. त्या रेघेवरून शाळेत पोरांनी त्यांना काय काय चिडवलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण साठीतसुद्धा त्यांना ते आठवत होतं.

वडिलांनी जिवंतपणीच स्वतःचा थडग्याचा दगड करून घेतला होता. त्यावर कोरलंय, ‘कोलमन हेनी, मुलगा डिलिया हेनी आणि’. पुढची जागा कोरी. म्हणाले, सापडलं तर भरा. ते जाऊन बत्तीस वर्षं झाली आणि तो ‘आणि’ तसाच लोंबकळतोय. दर रविवारी मी तो वाचतो. डॉक्टर माझ्या फुफ्फुसांविषयी बोलताना हल्ली खिडकीबाहेर बघतात, तेव्हा मला घाई आहे हे तुम्हाला कळेल.

अजून एक. आजीच्या घरात पुरुषमाणूस नव्हता, तरी ती रोज संध्याकाळी चुलीपाशी एक जोडी पुरुषाचे लोकरीचे पायमोजे वाळत घालायची. ते आधीच कोरडे असायचे. आम्ही पोरं हसायचो. ती हसायची नाही.

तुम्हाला डिलियाविषयी काही माहीत आहे का?

आपला,
मायल्स हेनी

•

इनिशगार्व,
२ मार्च २०१९

श्री. मायल्स हेनी यांस,

शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, पण बसवाल्याच्या मानाने ठीक.

तुमची निराशा करावी लागतेय. मी या बेटावर चौऱ्याऐंशी वर्षं काढली, त्यातली अडतीस शाळेत. हिवाळ्यात इथे आता एकोणीस माणसं उरतात आणि त्या एकोणिसांच्या पणजोबांपर्यंत मला सगळ्यांची नावं पाठ आहेत. त्यात डिलिया हेनी नाही. हेनी आडनावाची माणसं पलीकडे मुख्य भूमीवर आहेत, तिकडे चौकशी करा. आमच्या घरात मोलकरीण कधीच नव्हती, तेवढी ऐपतही नव्हती.

पायमोज्यांचं म्हणाल तर म्हाताऱ्या बायकांना पायमोजे वाळवायची खोडच असते. मलाही आहे.

प्रकृती सांभाळा. मध आणि गरम पाणी घ्या.

सबायना लावेल

•

हडर्सफील्ड,
२० मार्च २०१९

आदरणीय मिस लावेल,

मध घेतोय. आभार.

माझं पत्र पुन्हा वाचाल का? माझी आजी मोलकरीण होती असं मी कुठे लिहिलं नव्हतं. तुमच्या घरात होती असंही नाही. रागावू नका. बसमध्ये तिकीट न काढलेला माणूस न विचारताच ‘मी काढलंय’ म्हणतो, त्याची मला सवय आहे.

माझा मुलगा कॉर्मक छत्तीस वर्षांचा आहे. दिवसभर फोनमध्ये डोकं घालून असतो आणि जेवायला बोलावलं तरी ‘हं’च्या पुढे जात नाही. पण त्याने एका दुपारी मला १९११ च्या खानेसुमारीचा कागद काढून दिला. प्रत सोबत जोडली आहे. रविवार, २ एप्रिलच्या रात्री त्या घरात जे कोणी होते त्यांची नावं पोलीस शिपायाने लिहून घेतलीत. खाली घरधनिणीची फुलीची खूण आहे.

होनोरा लावेल, विधवा, ६६. बार्टली, मुलगा, ३३, अविवाहित, मच्छीमार. अँथनी, मुलगा, ३०. विनी, सून. फेस्टस, नातू, वय एक. आणि सहावी, डिलिया हेनी, कामवाली, १९.

अँथनी हे तुमचे आजोबा आणि फेस्टस वडील, हे बोटवाल्याने सांगितलं. म्हणजे आजी तुमच्याच घरात होती. आणि ही २ एप्रिलची गोष्ट. डिसेंबरची सत्तावीस तारीख इथून मोजून बघा, तुम्ही मास्तरीण आहात.

आता मला एवढंच विचारायचंय की हा बार्टली कोण? कागदाच्या शेवटच्या रकान्यात, जिथे आंधळा, बहिरा वगैरे लिहितात तिथे, त्याच्यापुढे शिपायाने ‘मुका’ लिहिलंय. मुक्या माणसाकडून नाव कबूल करून घेता आलं नसेल, म्हणून तर ती रेघ नाही ना?

एका डब्यात छोटी नळी पाठवतोय. त्यात थुंकायचं आणि झाकण लावून मला परत पाठवायचं. प्रयोगशाळेत तुमचा आणि माझा डीएनए ताडून बघतात. आपलं रक्त जुळतं की नाही आणि किती जुळतं, ते त्यात कळतं.

आपला,
मायल्स

•

इनिशगार्व,
९ एप्रिल २०१९

मायल्स,

मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे, तेव्हा आता अरे-तुरे करते. माझी थुंकी मागणारा तू पहिलाच पुरुष. नळी कपाटात ठेवली आहे, ती तिथेच राहील.

मी खोटं लिहिलं. डिलिया आमच्याकडे होती. मुख्य भूमीवरच्या अनाथालयातून पणजीने, म्हणजे होनोराने, तिला कामाला आणलं होतं. तिचं नाव आमच्या घरात काढायचं नाही, असा दंडक होता. का, ते सांगते, पण आधी तुझा कागद.

तो कागद मी दोन दिवस उलटा करून ठेवला होता. बार्टली मुका नव्हता. दोन बेटांत त्याच्यासारखा गळा नव्हता. लग्नात त्याला गायला बोलवायचे आणि मासे देऊन पाठवायचे. आणि २ एप्रिल १९११ ला तो घरात नव्हता. नोव्हेंबर १९०९ मध्ये तो वल्ह्याच्या होडीतून जाळी काढायला गेला. होडी मिळाली, तो मिळाला नाही. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. शिरगणतीला तो पस्तीसचा झाला असता. कागदावर तेहतीसच आहे, बघ.

तुम्हा शहरवाल्यांना हे वेड वाटेल. आमच्याकडे ज्याचा देह मिळत नाही त्याला मेला म्हणत नाहीत. त्याची खुर्ची दाराजवळ ठेवायची, चुलीपाशी कोरडे पायमोजे ठेवायचे आणि दाराला कडी लावायची नाही. शिपायाने विचारलं असेल, घरात कोण कोण? पणजीने सगळ्यांची नावं सांगितली असतील, त्यात त्याचंही. इथल्या कुठल्याही आईने तेच केलं असतं. पण शिपायाने ‘मुका’ का लिहावं, हे मला कळत नाही. शिपाई बाहेरचा होता. त्याला बार्टलीचं काही माहीत नव्हतं. त्याने काहीतरी विचारलं असणार आणि समोरून उत्तर आलं नसणार. याच्यापुढे मी विचार करत नाही.

आता दंडक का, ते. डिलियाला दिवस गेलेत हे जूनमध्ये लक्षात आलं. बाप कोण, विचारलं तर तिने खुर्चीकडे बोट दाखवलं. रिकाम्या खुर्चीकडे. विनीआजी एवढी भोळी नव्हती. घरात धडधाकट पुरुष एकच होता, तिचा नवरा. डिलियाला पुढच्या बोटीने रवाना केलं. आजोबा त्यानंतर अडतीस वर्षं जगले. आजी त्यांच्या ताटात वाढायची, त्यांचे सदरे धुवायची, पण अडतीस वर्षांत त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. मी त्या घरात वाढले. दोघांमधले निरोप मी पोचवायचे. ‘आजोबांना सांग चहा झाला.’ आजोबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे.

त्यांनीच मला वाचायला शिकवलं. तुझ्या नळीने त्यांच्यावर शिक्का मारायला मी माझी थुंकी देणार नाही.

सबायना

•

हडर्सफील्ड,
३० एप्रिल २०१९

प्रिय सबायना,

तुमचं पत्र वडिलांच्या थडग्यापाशी जाऊन वाचलं. मोठ्याने वाचलं. मला वाटलं, त्यांचा तेवढा हक्क आहे.

शिक्का मारायला नळी पाठवली नव्हती, पण तुमची भीती कळली. म्हणून आधीच स्पष्ट सांगतो. अँथनी जर माझेही आजोबा असतील तर तुम्ही आणि मी एकाच आजोबांची नातवंडं. मग आपलं रक्त बरंच जुळेल, प्रयोगशाळेच्या मापात साडेचारशेच्या आसपास. त्यांच्या भावाचा मी नातू असेन तर त्याच्या निम्मं. आणि काहीच जुळलं नाही तर बाप तिसराच कोणी. डिलिया अनाथालयातून आलेली, तुमच्या रक्ताची नव्हती, त्यामुळे घोटाळा व्हायचा संभव कमी. नळी आजोबांना दोषी ठरवू शकते तशी सोडवूही शकते.

तुम्ही मला एक सांगितलंत, तर मीही एक सांगतो. वडील लहान असताना आजीला विचारायचे, माझा बाप कसा होता? ती म्हणायची, ‘तो कधी बोलला नाही. त्याचे पाय फार गार होते.’ यापलीकडे कधी काही नाही. वडिलांना वाटायचं, ती टाळते आहे.

मला हे लिहिताना बरं वाटत नाहीये. पण तुम्हाला वाचताना एकटं वाटू नये म्हणून लिहिलं.

आपला,
मायल्स

•

इनिशगार्व,
१७ जून २०१९

मायल्स,

नळी सोबत आहे. भरायला अर्धा तास लागला. म्हातारपणी थुंकीसुद्धा आटते, हे कोणी सांगितलं नव्हतं.

कशामुळे मन बदललं ते लिहिते. १९४९ मध्ये आजोबा अंथरुणाला खिळले. मी चौदा वर्षांची. आजी त्यांना पेज भरवत होती. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि म्हणाले, ‘विनी, मी नव्हतो.’ आजीने मनगट सोडवलं आणि पुढचा चमचा पुढे केला. तीन दिवसांनी ते गेले. ती आणखी बारा वर्षं जगली आणि ते वाक्य मी ऐकलं होतं, हे तिला ठाऊक होतं. आम्ही दोघी त्याविषयी कधी बोललो नाही.

सत्तर वर्षं मी त्यांच्यावर विश्वास ठेवलाय असं मला वाटत होतं. पण विश्वास असता तर मी तुझी नळी पहिल्याच दिवशी भरली असती. हे मला कपाट झाडताना लक्षात आलं आणि मी जमिनीवर बसून रडले.

जे निघेल ते सरळ लिही. मला गोड करून सांगू नकोस.

सबायना

•

हडर्सफील्ड,
२ सप्टेंबर २०१९

प्रिय सबायना,

सरळ लिहितो. दोनशे अकरा.

निम्मं. तुमच्या आजोबांचा मी नातू नाही, त्यांच्या सख्ख्या भावाचा नातू आहे. प्रयोगशाळेतल्या बाईंना मी दोनदा फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, रक्ताच्या गोष्टीत अगदी शंभर टक्के कोणी सांगत नाही, पण आकडा त्याच बाजूला बोट दाखवतोय. अँथनी नव्हते. ते खरं बोलत होते.

हे वाचून तुम्ही थोडं थांबा, चहा घ्या, आणि मग पुढचं वाचा.

त्यांना भाऊ एकच होता. कॉर्मकने १९०१ चा कागदही काढला. त्यात दोनच मुलगे आहेत आणि बार्टलीचा शेवटचा रकाना कोरा आहे, मुका वगैरे काही नाही. १९११ च्या कागदावर आणखी एक गोष्ट आहे, ती मी आधी पाहिली नव्हती. किती मुलं झाली आणि किती हयात, हा रकाना विधवांनी भरायचा नसतो. होनोराने तरी भरून घेतलाय. झाली दोन. हयात दोन.

कॉर्मकचं म्हणणं असं की तो बुडालाच नसणार. कुठल्या तरी जहाजाने उचलला असेल, डोक्याला मार लागून वाचा गेली असेल, दीड वर्षाने लपतछपत घरी आला असेल आणि पुन्हा गेला असेल. मी म्हटलं, एवढ्याशा बेटावर लपून? आणि वय तेहतीसच? तो म्हणाला, ‘हं.’

आम्ही तुमच्याकडे यायचं ठरवलंय. शनिवारी, २ नोव्हेंबरच्या बोटीने. माझी छाती ऐन वेळी बिघडली तर कॉर्मक एकटाच येईल. तो बोलणार नाही फारसा, मनावर घेऊ नका. माणूस चांगला आहे.

आपला,
मायल्स

•

इनिशगार्व,
२० सप्टेंबर २०१९

मायल्स,

चहा घेतला. मग तुझं पत्र घेऊन दफनभूमीत गेले. आजी-आजोबा एकाच दगडाखाली आहेत. मी मोठ्याने म्हटलं, ‘आजी, दोनशे अकरा.’ मग तिला त्याचा अर्थ समजावून सांगितला, शाळेत अपूर्णांक शिकवायचे तसा, दोनदा. शेवटी म्हटलं, आता त्यांच्याशी बोल. दोघांनी मिळून अडतीस वर्षं फुकट घालवली आणि मी मध्ये निरोप्या. मला आजीचा राग आला आणि तिची दयाही आली. घरी येऊन आजोबांचा फोटो पुसला आणि बाहेरच्या खोलीत, सगळ्यांना दिसेल असा लावला.

बार्टलीविषयी तुझ्या मुलाचं म्हणणं मी मान्य करायला तयार आहे. तेच सोयीचं आहे.

तुम्ही आलात तर मला आनंदच होईल. फक्त दिवस कुठला निवडलाय ते तुम्हाला माहीत नसावं. २ नोव्हेंबरला आम्ही घरातल्या गेलेल्यांसाठी जागा मांडतो. चूल पेटती ठेवतो, खुर्ची मांडतो. बार्टलीचे पायमोजेही मी त्या दिवशी नवे ठेवते. पणजीने आजीला सांगितलं, आजीने मला. माझ्यामागे कोणी नाही, म्हणून हे तुला सांगून ठेवते.

आणि एक रीत नीट लक्षात ठेवा. आमच्याकडे दारातून आत येताना माणूस मोठ्याने म्हणतो, ‘या घरातल्या सगळ्यांचं देव भलं करो.’ मग घरातलं माणूस ‘ये, बस’ म्हणतं. जो न बोलता आत येतो त्याच्याशी आम्ही आधी बोलत नाही. तो स्वतः बोलला तर ठीक. नाही तर त्याला बसू द्यायचं आणि आपलं काम करत राहायचं. तुझ्या त्या फोनवाल्या मुलाला हे घोकून पाठ करायला लाव.

गाजरं खाता ना?

सबायना

•

इनिशगार्व,
३ नोव्हेंबर २०१९

मायल्स,

तुझा मुलगा सुखरूप पोचला आणि गेला. तू आला नाहीस म्हणजे छाती बिघडली असणार. मध घे. फोनच्या तारा गुरुवारपासून तुटल्यात, म्हणून पत्र लिहितेय. बोट लागेल तेव्हा जाईल.

आता तक्रार. एवढं लिहून कळवलं, तरी पठ्ठ्या एक शब्द न बोलता आत आला. दुपारचे चार वाजले होते. मी चुलीपाशी भांडं ढवळत होते. वाऱ्याने दार उघडलं असं वाटलं म्हणून वळले, तर हा दाराजवळच्या खुर्चीत बसलेला. नखशिखांत भिजलेला. मी पळी घेऊनच दोन पावलं मागे सरले, खोटं कशाला बोलू. मग तुझं पत्र आठवलं आणि मी म्हटलं, ‘कॉर्मक, तुला घरात शिकवलं नाही का रे कोणी?’ त्याने नुसतं बघितलं. फोन मात्र हातात नव्हता, तेवढं बरं.

दिसायला तो तुमच्यापेक्षा आमच्याकडचाच वाटतो. आजोबांच्या फोटोतल्या भुवया जशाच्या तशा. चहा दिला, तो प्यायला नाही. गाजरं-मटण दिलं, त्याला हात लावला नाही. शहरातली मुलं आजकाल काय खातात कोणास ठाऊक. मी बोलत राहिले. अडतीस वर्षं भिंतींशी बोलायची सवय आहे मला, शाळेतली पोरं काय वेगळी असतात? त्याला अँथनीची सगळी हकिगत सांगितली. आळ कसा आला, आजी कशी गप्प राहिली, आकडा कसा आला. ऐकता ऐकता त्याने तोंड दोन्ही हातांत घेतलं. मला बरं वाटलं. म्हटलं, पोराला मन आहे.

मग तू पाठवलेला तुझ्या वडिलांच्या दगडाचा फोटो दाखवला. त्याने त्या ‘आणि’वर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मी म्हटलं, ‘तर मग इथे बार्टलीचंच नाव घालायचं ना?’ त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. हो म्हणून, अगदी स्पष्ट. माझे डोळे भरून आले. म्हटलं, चला, तुमच्या घरात एकमत आहे.

पाय गारठलेले दिसले म्हणून मी म्हटलं, ते चुलीपाशी पायमोजे आहेत, घाल. ते बार्टलीचे होते खरे, पण जिवंत माणसाचे पाय आधी. त्याने घातले. मी पाव आणायला आत गेले, बाहेर येते तो खुर्ची रिकामी. परतीच्या बोटीची घाई असेल, पण निरोप घ्यायचीही रीत नाही. त्याचे ओले पायमोजे चुलीपाशी आहेत, वाळले की टपालाने पाठवते.

मुलगा गोड आहे. रीत शिकव त्याला.

सबायना

•

हडर्सफील्ड,
४ नोव्हेंबर २०१९

प्रिय सबायना,

माफ करा. आम्ही दोघेही येऊ शकलो नाही. शुक्रवारी धक्क्यावर पोचलो, तर समुद्र असा उसळलेला की बोटवाला म्हणाला, गुरुवारपासून एकही बोट सुटलेली नाही आणि मंगळवारपर्यंत सुटणार नाही. शनिवारी सकाळी पुन्हा धक्क्यावर जाऊन बसलो. दुपारी चार वाजेपर्यंत मी आणि कॉर्मक एका बाकावर तुमच्या बेटाकडे तोंड करून बसलो होतो. मग माझा खोकला वाढला आणि त्याने मला जबरदस्तीने गाडीत घातलं. तुम्हाला फोन लागेना. तुम्ही जेवण करून वाट बघत बसला असाल, याचं फार वाईट वाटलं.

येताना गाडीत कॉर्मक बोलला. आयुष्यात पहिल्यांदा एका दमात इतकं बोलला असेल. म्हणाला, दगडावर आत्ताच काही कोरू नका. एक आकडा आणि शिपायाने लिहिलेला एक शब्द, यावर बुडालेल्या माणसाला बाप ठरवायचं, उद्या दुसरंच काही निघालं तर? दगड खोडता येत नाही. मला त्याचं पटलं. पाथरवटाला थांबायला सांगितलंय. ज्याला विचारायचं तोच नाही, तर आपण कोण ठरवणार? वडिलांना ‘आणि’ची सवय झाली असेल एव्हाना. मलाही होईल.

वसंतात, अंगात त्राण राहिलं तर, पुन्हा येऊ.

आपला,
मायल्स

•

इनिशगार्व,
१६ नोव्हेंबर २०१९

प्रिय मायल्स,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझ्या हातात माझं पत्र पडलं असेल, तेव्हा तू काय केलंस ते मला विचारायचं नाहीये. तुझं वाचल्यावर मी काय केलं ते सांगते. धक्क्यावर जाऊन बोटवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मास्तरीणबाई, त्या शनिवारी समुद्रपक्षीसुद्धा उडाला नाही. मग बेटावरच्या प्रत्येक घरी जाऊन आले. कोणाकडे पाहुणा नव्हता.

माझी नजर अजून शाबूत आहे आणि डोकंही. कोणी विचारलं तर सांग.

मी घाबरले का? पहिली रात्र घाबरले. दार कडी लावून बंद केलं, आयुष्यात पहिल्यांदा. मग सकाळी विचार केला. आमच्या घरात एकशे दहा वर्षं त्याच्याशी कोणी आपणहून बोललं नाही, रीत म्हणून. पणजी बोलली नाही, आजोबा बोलले नाहीत. डिलिया नवखी होती, तिला रीत माहीत नसणार. ती बोलली असेल. ‘ये, बस, पाय गारठलेत तुझे’, असंच काहीतरी म्हणाली असेल, मी म्हटलं तसंच. कडी मी काढून टाकली.

त्याचे पायमोजे अजून चुलीपाशी आहेत. दोन आठवडे झाले, चुलीत पीटचं सरपण रोज पेटतंय आणि ते ओलेच आहेत. मी ते टपालाने पाठवणार नाही. ते कुठे ठेवायचे ते मला माहीत आहे, आणि माझ्यामागे तुला.

पाथरवटाला निरोप दे. ‘आणि’च्या पुढे बार्टली लावेल कोरायला सांग, खोल कोरायला सांग. ज्याला विचारायचं त्याला मी विचारलंय. तो हो म्हणाला.

वसंतात या, दोघेही. फक्त उंबऱ्याबाहेर उभं राहून आधी बोला, मोठ्याने, कॉर्मकसुद्धा. तुमचा आवाज ऐकल्याशिवाय मी मागे वळून बघणार नाही.

तुझी बहीण,
सबायना